सर्व्हरची रोजकीर्द बंद करू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वळवाचा पाऊस सुरू झाला की गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत संध्याकाळी वीज जाणे ठरलेलेच. गावोगावच्या पतसंस्था, वाचनालये आणि शाळा यांनी आपला सगळा हिशेब एखाद्या सर्व्हरवर ठेवला आहे. त्याची देखभाल बहुधा दूरच्या शहरातून होते आणि तिथे बसलेल्या माणसाने वेग वाढवण्यासाठी काय बदलले, हे संचालकांना सहसा कळतही नाही. असाच एक बदल म्हणजे फाइल सिस्टिमचे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, जर्नलिंग बंद करणे. मी गेली अठरा वर्षे लिनक्स आणि फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालींवर चालणारे सर्व्हर सांभाळतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर या एकाच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे मला मनापासून वाटते.

पतसंस्थेत काम केलेल्यांना जर्नल म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि मग खतावणीत चढवायचा. मध्येच कारकुनाला उठावे लागले, तर परत आल्यावर कीर्द पाहून राहिलेली नोंद पुरी करायची, अख्खी खतावणी पहिल्या पानापासून तपासत बसायचे नाही. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ईएक्सटी ३ या फाइल सिस्टिमने हीच सोय केली आणि २००८ पासून ईएक्सटी ४ ने ती पुढे चालवली. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, कोणती जागा मोकळी झाली, हे बदल आधी जर्नलमध्ये उतरतात आणि नेहमीच्या मांडणीत दर ५ सेकंदांनी पक्के होतात. वीज जाऊन परत आली की यंत्र तेवढे जर्नल वाचते, अर्धवट राहिलेले काम निस्तरते आणि उभे राहते. मूळच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत मजकूर आधी डिस्कवर जातो आणि त्याची नोंद नंतर पक्की होते; 'राइटबॅक' पद्धतीत हा क्रम पाळण्याचे बंधन नसते, त्यामुळे वीज गेल्यावर नव्या फाइलीच्या पोटात जुनाच भलता मजकूर निघू शकतो. जर्नल म्हणजे बॅकअप नव्हे, आणि डेटाबेस आपली नोंद वेगळी ठेवतो, हे मला मान्य आहे. परंतु त्या डेटाबेसच्या फाइलींची जागाच विस्कटली, तर ती वेगळी नोंद तरी कुठे शोधायची?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सत्तरीतील एका पतसंस्थेत हे मी डोळ्यांनी पाहिले. महिनाअखेरचा अहवाल निघायला वेळ लागतो अशी तक्रार गेली, म्हणून देखभाल करणाऱ्या अभियंत्याने एका रात्री एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरून काम करण्याच्या सोयीने) आत येऊन डेटाचा विभाग, म्हणजे डिस्कचा तेवढा भाग, चालू यंत्रापासून सोडवला, 'ट्यूनटूएफएस' ही आज्ञा देऊन जर्नल काढून टाकले आणि विभाग हाताने परत जोडला. अहवाल थोडा लवकर निघू लागला, सगळे खूश झाले. तीन आठवड्यांनी संध्याकाळच्या वाऱ्यात फणसाची फांदी तारांवर पडली, यूपीएसच्या जुन्या बॅटरीने पाच मिनिटेही तग धरला नाही, आणि रात्री वीज आल्यावर सर्व्हर सुरू होता होता मध्येच थांबला. जर्नल नसल्यामुळे त्याला सगळा विभाग तपासावा लागला, आणि त्यात सापडलेले दोष आपोआप दुरुस्त करण्याजोगे नव्हते. सकाळी पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीसाठी पैसे काढायला आलेले ठेवीदार काउंटरसमोर उभे होते. एसएसएचची सेवा सुरू होण्याआधीच यंत्र अडल्यामुळे दूरचा अभियंता आत येऊच शकत नव्हता. तिथल्या क्लार्कबाई काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरे एकेक करून मला फोनवर वाचून दाखवत होत्या, आणि शेवटची ओळ रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत होती. तो पासवर्ड संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हता.

अभियंत्याकडून पासवर्ड मिळवून मी फोंड्याहून तिथे गेलो. तपासणी पुरी व्हायला सव्वा तास लागला. ठेवीदारांच्या केवायसीच्या कित्येक स्कॅन प्रतींची नावे गेली होती, तपासणीत सापडलेल्या बेवारस फाइली जिथे टाकल्या जातात त्या 'लॉस्ट अँड फाउंड' मध्ये नुसते आकडे उरले होते. पुढचे दोन दिवस कर्मचारी एकेक प्रत उघडून, फोटो पाहून, "हा आमच्या वाड्यावरचा" असे ओळखून नावे देत बसले. एवढे होऊनही विभाग जोडला जाईना, कारण यंत्र सुरू होताना कोणता विभाग कसा जोडायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलीत 'डेटा=ऑर्डर्ड' ही जुनी ओळ तशीच होती आणि जर्नल नसलेल्या ईएक्सटी ४ ला ती चालत नाही. त्या रात्री विभाग हाताने जोडताना ती ओळ वाचलीच गेली नव्हती, म्हणून चूक तीन आठवडे दडून राहिली. मी जर्नल पुन्हा घातले. अहवाल मुळात संथ होता तो डेटाबेसमधल्या एका टेबलवर इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) नसल्यामुळे. इंडेक्स घातल्यावर जर्नल चालू असतानाही तो पूर्वीपेक्षा लवकर निघतो.

अभियंत्याच्या ज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. बदल केल्यावर त्याने सर्व्हर एकदा बंद करून सुरू केला नाही, ही माझी तक्रार आहे. फाइल सिस्टिमची मांडणी बदलली की ती खरी कसाला लागते ती यंत्र नव्याने सुरू होताना, आणि ती कसोटी दिवसाढवळ्या, यंत्रापाशी माणूस बसवून घेतली पाहिजे. फ्रीबीएसडीत तर जर्नल चालू करण्यासाठीसुद्धा विभाग सोडवावा लागतो किंवा केवळ वाचनापुरता जोडावा लागतो. ज्यावर प्रणालीच चालते त्या मूळ विभागासाठी त्याकरिता सिंगल यूजर या केवळ देखभालीच्या अवस्थेत जावे लागते आणि तिथे एसएसएच नसते. अशा वेळी आयपीएमआयसारखा दूरचा कन्सोल (यंत्र अडलेले असतानाही त्याचा पडदा आणि कळफलक दुरून वापरू देणारी सोय) किंवा कळफलकासमोर बसलेला माणूस, यांपैकी एक हवाच.

संस्थांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी वार्षिक देखभाल करार यंदा नूतनीकरणापूर्वी वाचावा, रूटचा पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा, यूपीएसची बॅटरी भार देऊन तपासून घ्यावी, आणि करारात पुढील कलम घालून घ्यावे: "डिस्क, विभाग वा जर्नल यांच्या मांडणीत कोणताही बदल लेखी पूर्वसूचनेशिवाय करू नये, बदलाआधी घेतलेला बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवावा, आणि बदलानंतर संस्थेचा कर्मचारी हजर असताना सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून दाखवावा." सत्तरीतल्या त्या संस्थेने हे कलम आपल्या करारात घेतले आहे.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा