खटका मोडला म्हणून अख्खी पेटी भंगारात?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दुचाकीच्या मागे किंवा दोन्ही बाजूंना बसवायच्या प्लॅस्टिकच्या पेट्या आता केवळ लडाखला निघालेल्या हौशी भटक्यांपुरत्या राहिलेल्या नाहीत. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, कुरिअरवाले, घरोघरी जाऊन पाण्याची यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ अशा अनेकांची रोजची रोजी या पेट्यांतून फिरते. पेटीचे कवच सहसा वर्षानुवर्षे टिकते. मोडतो तो झाकण आवळून धरणारा खटका. तो बदलायला गेल्यावर ‘सुटा मिळत नाही, पूर्ण पेटीच घ्या’ हे उत्तर मी स्वतः ऐकले आहे आणि माझ्यासारख्या अनेकांनी ऐकले असेल. बोटभर लांबीच्या भागासाठी हजारो रुपयांची धडधाकट पेटी टाकून द्यायची, हा व्यवहार ग्राहकाच्या गळी उतरवला जातो आणि आपणही तो मुकाट्याने गिळतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीने वाहने व त्यांची साधने हेही क्षेत्र तिच्या कक्षेत ठेवले होते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले. एवढे होऊनही ‘अॅक्सेसरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीचा खटका मागायला गेलेल्या ग्राहकाच्या हाती काही पडत नाही. काही परदेशी पेट्यांची कुलपे आणि कड्या सुट्या विकत मिळतात, म्हणजे यात अशक्य असे काही नाही. माझी मागणी साधी आहे: खटका, त्याची खीळ आणि स्प्रिंग यांना सुट्या भागाचा क्रमांक द्यावा, तो पेटीसोबतच्या पुस्तिकेत छापावा आणि पेटी विक्रीत असेपर्यंत व त्यानंतरही काही वर्षे तो भाग मिळेल याची हमी द्यावी.

तोपर्यंत दुरुस्ती आपल्यालाच करावी लागणार, आणि ती नीट करायची तर खटका का मोडतो हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक खटके तरफेच्या तत्त्वावर चालतात. तरफ खिळीच्या रेषेपलीकडे गेली की झाकण आवळले जाते, आणि त्या क्षणी सगळा ताण खिळीच्या छिद्राभोवती आणि आकड्याच्या मुळाशी एकवटतो. ओला रेनकोट कोंबून वर गुडघा टेकवून झाकण लावले की हा ताण कायमचा राहतो. रस्त्यातले खड्डे आणि उन्हातून येणारा ठिसूळपणा उरलेले काम करतात. त्यातच धुलाईच्या वेळी गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा फिरवून प्लॅस्टिक चकचकीत करून देण्याची जी पद्धत आहे, ती तर घातकच आहे, कारण ताणाखाली असलेल्या एबीएस या कडक जातीच्या प्लॅस्टिकला पेट्रोल लागले की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात.

झाकणाच्या किंवा खटक्याच्या आतल्या बाजूला दोन कोनी कंसांमध्ये रोमन अक्षरांत प्लॅस्टिकचा प्रकार बऱ्याचदा कोरलेला असतो: एबीएस, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, किंवा पीए६-जीएफ३० म्हणजे तीस टक्के काचतंतू मिसळलेले नायलॉन. दुरुस्तीआधी हे वाचणे फार महत्त्वाचे, कारण एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही. खूण नसेल तर मोडलेला तुकडा पाण्यात टाकून पाहावा; तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर एबीएस किंवा नायलॉन. बुडालेल्या तुकड्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अॅसिटोनचा थेंब टाकल्यावर तो भाग चिकट झाला, तर ते एबीएस समजावे.

एबीएस असेल तर काम सोपे. त्याच प्लॅस्टिकचा चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून मधासारखा दाट लगदा करावा, चिरेच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने खरबरीत कराव्यात, आतून स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा ठेवून त्यावर लगदा बसवावा आणि किमान एक दिवस हात लावू नये. हे काम उघड्या हवेत आणि गॅस-विडीपासून दूर करावे, कारण अॅसिटोन चटकन पेट घेते. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र ना अॅसिटोन चालते, ना बाजारातला नेहमीचा दोन ट्यूबचा गोंद धरतो. तिथे गाडीचे बंपर जोडणारे प्लॅस्टिक वेल्डिंगचे कारागीर गाठावेत, किंवा सरळ नट-बोल्टचा आधार घ्यावा. फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा मोह तर कोणत्याही खटक्याच्या बाबतीत टाळावा. त्याचा सांधा कडक होतो, पण ठिसूळही होतो आणि पहिल्या मोठ्या दणक्याला सुटतो.

माझ्या मते खरी मजबुती गोंदाने नव्हे, पट्टीने येते. चीर जिथे संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडले की तिचे टोक बोथट होते आणि ती पुढे सरकायचे थांबते. जुन्या फिटरांची ही युक्ती पत्र्याइतकीच प्लॅस्टिकलाही लागू पडते. मग दीड-दोन मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी कानसून, तिच्या धारदार कडा मारून आतल्या बाजूने बसवावी आणि चार मिलिमीटरच्या स्टील बोल्टने आवळावी. बोल्टखाली दोन्हीकडे मोठे वायसर हवेतच, नाहीतर बोल्टच प्लॅस्टिक फाडतो. पॉप रिव्हेट वापरायचे असतील तर मागे वायसर ठेवूनच बसवावेत, कारण रिव्हेट छिद्रात फुगतो आणि तिथूनच नवी चीर सुरू होते. नट ढिला पडू नये म्हणून त्यावर लावायचा द्रव एबीएसजवळ नेऊ नये, तोही प्लॅस्टिक तडकवतो. त्याऐवजी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला आणि आपोआप ढिला न पडणारा नट, घ्यावा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत नागदेवीला हे सगळे सामान किरकोळ किमतीत मिळते. छिद्रातून पाणी झिरपू नये म्हणून वायसरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून घातली तरी भागते.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. झाकणाचा खटका आणि पेटी गाडीवरच्या पाट्याला अडकवणारा खटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला निसटला तर आपले कपडे रस्त्यावर येतील. दुसरा निसटला तर भरलेली पेटी मागून येणाऱ्या स्कूटरच्या चाकाखाली जाईल. म्हणून दुसऱ्याची घरगुती दुरुस्ती करूच नये. तो भाग मिळत नसेल तर ती पेटी गाडीवर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सुट्या भागाचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः याच खटक्यासाठी. दुरुस्त केलेल्या झाकणावरही न ताणणारा नायलॉनचा पट्टा बकलने आवळावा. रबरी दोरीच्या आकड्यांवर विसंबू नये.

वाहन कंपन्यांच्या अधिकृत विक्री केंद्रांतून या पेट्या गाडीसोबतच खपवल्या जातात, तेव्हा सुटा खटका मिळेल की नाही हे बिल करण्यापूर्वी लेखी सांगण्याची सक्ती ग्राहक व्यवहार विभागाने करावी, आणि वैधमापन निरीक्षक वजनकाटे तपासतात तशी तिची तपासणीही व्हावी.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार वाचक, पुणे