पाच ओंब्या

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शिळा पाव कचऱ्यात टाकलास म्हणून खोलीतली युक्रेनच्या पोल्टाव्हाची मैत्रीण दोन दिवस बोलली नाही, हे तू फोनवर हसत सांगितलंस. मीही हसलो. मग रात्री तिच्या मुलखाबद्दल वाचत बसलो आणि झोप उडाली.

तुझी आजी सुगीनंतर सरव्याला जायची. काढणी झालेल्या रानात पडलेली कणसं ओट्यात वेचायची. मालक बघून न बघितल्यासारखं करायचा. युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होतं. 7 ऑगस्ट 1932 ला स्टालिनच्या सरकारनं हा सरवाच चोरीत काढला. शिक्षा गोळी, दया दाखवली तर 10 वर्षं कैद. लोकांनी त्याला नाव ठेवलं, पाच ओंब्यांचा कायदा.

तिच्यासमोर 'दुष्काळ' म्हणू नकोस. 72 चा दुष्काळ मी पाहिलाय. पाऊस नव्हता, पण खडी फोडायला काम होतं, पोरांना सुकडी मिळायची. युक्रेनमध्ये सरकारची धान्यवसुली भरली नाही की गावाचं नाव काळ्या फळ्यावर जायचं, मग दुकानातलं मीठ, काडेपेटी, रॉकेल बंद. घरात शिरून बटाटे, वालसुद्धा उचलून न्यायचे. जानेवारी 1933 मध्ये शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायची बंदी झाली. आणि धान्य परदेशी विकलं जातच होतं! साधारण 35 ते 40 लाख माणसं गेली. ते लोक होलोदोमोर म्हणतात, म्हणजे उपाशी ठेवून मारणं.

मुकाट्यानं मात्र नाही गेली. 1930 मध्येच तिथल्या बायका झुंडीनं जाऊन सरकारनं जबरीनं केलेल्या सामूहिक शेतातून आपली जनावरं, बियाणं परत आणत होत्या. 'बायकांचं बंड' हा शब्द तिकडे अजून आहे. तुझी मैत्रीण रशियनमध्ये का बोलत नाही म्हणालीस ना? रशियाच्या झारनं 1876 मध्ये युक्रेनियन पुस्तकं छापायलाच बंदी घातली होती. त्याच्याही आधी त्यांचा कवी शेवचेन्को, लिहायला मनाई करून सैन्यात धाडलेला, बुटात चिमुकल्या वह्या लपवून कविता लिहायचा. मला ती बुटातली वही फार आवडली.

नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी ती त्या उपाशी मेलेल्यांच्या आठवणीत खिडकीत मेणबत्ती लावेल. तेव्हा पडदा तेवढा बाजूला घे, आणि फोनवर मोठ्यानं बोलू नकोस.

पैसे पाठवलेत. पाव थोडाच आणत जा.

तुझे
बाबा