आधी बाटल्या, मग यादी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दोन विद्यार्थी तुझ्याकडे पीएचडीला रुजू होताहेत, असं काल फोनवर म्हणालीस आणि लगेच विचारलंस, पहिल्या वर्षी त्यांच्याकडून काय काय वाचून घेऊ? यादी देईन मी. पण रात्री आडवी झाले तेव्हा डोळ्यांसमोर पुस्तकं आली नाहीत, नमुन्याच्या बाटल्या आल्या. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

पर्यावरणशास्त्रात विद्यार्थी तयार करायचा म्हणजे त्याला स्वतःच्या आकड्यावर संशय घ्यायला शिकवायचं, आणि तो संशय तुझ्यासमोर बोलून दाखवायची भीती त्याच्या मनात राहू द्यायची नाही. यातलं पहिलं मी नीट शिकवलं. दुसऱ्यात चुकले.

क्लेअर पॅटरसन यांचं उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत पीएचडी करताना त्यांच्याकडे खडकांतलं आणि अशनींतलं शिसं मोजायचं काम आलं. आकडे काही केल्या जुळेनात, शिसं हवं त्याहून कितीतरी जास्त निघायचं. दोष खडकात नव्हता. शिसं हवेतून, धुळीतून, काचेच्या भांड्यांतून, रसायनांतून येत होतं. पुढची कित्येक वर्षं त्यांनी हे बाहेरचं शिसं शोधण्यात आणि प्रयोगशाळा स्वच्छ करण्यात घालवली. त्यातूनच १९५६ मध्ये पृथ्वीचं वय प्रसिद्ध झालं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. आणि जे शिसं त्यांच्या कामात अडथळा म्हणून आलं होतं, तोच पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध ते उभे राहिले ते या जोरावर. आपल्या ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना न घालता केलेल्या चाचणीत, काय येतंय याकडे त्यांनी काणाडोळा केला असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून पहिले दोन महिने तुझ्या मुलांना तळ्याचं पाणी देऊच नकोस. शुद्ध पाणी दे आणि म्हण, यात काही नाही हे मला सिद्ध करून दाखव. मुलं कंटाळतात, पण शुद्ध पाण्यातही काहीतरी सापडतं आणि ते आपल्याच हातून आलेलं असतं हे एकदा कळलं की त्यांची नजर बदलते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंक्लरची पद्धत १८८८ ची. आता प्रोब बुडवला की पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा येतो, तरी ही पद्धत त्यांना हाताने करू दे. बाटली पाण्याखाली भरायची, बुडबुडा राहता कामा नये. रसायनं घातली की ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. मग ब्यूरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट. पिवळा फिका झाला की स्टार्च घालायचा, पाणी गर्द निळं होतं, आणि शेवटच्या एका थेंबाला तो निळा रंग जातो. तोवर किती थायोसल्फेट लागलं, यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. तो थेंब कोणता, यावर दोघांचं एकमत होत नाही. नेमकं तिथे त्यांना थांबव. दोघांनी वेगवेगळे आकडे लिहू देत, फरक किती आला तो मोजू दे. आकड्याची अनिश्चितता म्हणजे काय हे त्या टेबलापाशी जेवढं समजतं तेवढं वर्गात समजत नाही.

आता माझी चूक. माझ्या एका विद्यार्थ्याचे पूर्ण मोसमाचे नमुने डीप फ्रीझरमध्ये होते. सुट्टीत फ्रीझर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. सोमवारी त्याने बाटल्या काढल्या तेव्हा आडव्या पडलेल्या बाटल्यांत बर्फ एका कुशीला गोठलेला होता. नमुने गोठवले तेव्हा बाटल्या उभ्या होत्या, आणि उभ्या बाटल्यांत बर्फ असा बसत नाही. पाणी मधे वितळलं होतं हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण त्याने नमुने तपासले, आकडे लिहिले आणि गप्प राहिला. आठ महिन्यांनी, आलेखात अमोनियाचा ताळमेळ लागेना तेव्हा, त्याने मला सांगितलं. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, मॅडम, त्याच्या आदल्याच आठवड्यात तुम्ही एकीला फुटलेल्या फ्लास्कवरून सगळ्यांसमोर बोलला होता.

त्याचा एक मोसम गेला, तो भाग प्रबंधातून काढावा लागला. पदवी मिळाली त्याला, पण ते आठ महिने त्याने एकट्याने काढले आणि ते माझ्यामुळे. मुक्ता, वाईट बातमी सांगणाऱ्याला तू पहिलं वाक्य कोणतं बोलतेस, यावर तुझ्या लॅबमधला प्रत्येक आकडा अवलंबून असेल.

काळाचंही बघ. पीएचडीची चार-पाच वर्षं तळ्याच्या हिशेबात काहीच नाहीत. एखादं वर्ष कोरडं गेलं तर अर्धा प्रबंध कोरडा जातो. म्हणून प्रश्न असा दे की मोसम फसला तरी हाती काही लागेल, आणि जमेल तिथे त्यांना एखाद्या जुन्या नोंदींच्या मालिकेला जोडून दे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. १९६४ मध्ये पैशांअभावी मोजणी काही महिने थांबली, ती फट आजही आलेखात आहे. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या नोंदी तर १९५० च्या दशकापासून जमत होत्या. जोनाथन शँकलिन ब्रिटनच्या अंटार्क्टिक संशोधन संस्थेत नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदी संगणकात भरायचं काम आलं. ज्या आकड्यांतून १९८५ चा ओझोन विवराचा पेपर उभा राहिला, त्यांत ह्या नोंदी होत्या. विद्यार्थी जुन्या वह्या उतरवायला कुरकुरला तर त्याला हे सांग.

संख्याशास्त्र मात्र फील्डवर जायच्या आधी. एका तळ्यातून तीस बाटल्या भरल्या म्हणजे तीस तळी होत नाहीत, हे बाटल्या भरून झाल्यावर कळून उपयोग नाही.

आणि पहिल्या चार फेऱ्यांना तू स्वतः जा. बोटीत बस, दोर धर. पत्रव्यवहार आणि बैठका यांत तुझा वेळ जाईल हे मला माहीत आहे, तरी जा. मुलगी थकल्यावर कोणती पायरी गाळते, मुलगा लेबल ओल्या हाताने लिहितो का, हे अहवालात येत नाही.

वाचनाची यादी रविवारी पाठवते. त्याआधी फ्रीझरच्या दारावर एक वही टांग, तापमान रोज सकाळी लिहायचं, सुट्टीतसुद्धा, आणि पहिल्या महिन्याच्या पाळ्यांत तुझं नावही असू दे.

तुझी,
आई