अण्णा उठत नाहीत

प्रिय दिल्या,

तुझे मेसेज तसेच पडून आहेत, माहीत आहे. शिव्या भेटल्यावर घाल. मी ठीक, शुगर आहे तिथेच.

विषय अण्णांचा. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणतात चालवा, आणि अख्ख्या शाळेला सावधान-विश्राम करायला लावणारा हा माणूस पलंग सोडत नाही! दुखतंय असंही म्हणत नाहीत. नुसतं "उद्या बघू". वॉकरवर त्यांचा पंचा वाळतोय.

बाकी कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील, पण मी त्यांना अंतराळवीरांच्या गोष्टी सांगून उठवायला बघतोय. अंतराळ स्थानकात पायांवर भारच नसतो, त्यामुळे खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्के झिजतं. म्हणून रोज दोन तास व्यायाम. ट्रेडमिलवर सुनीता विल्यम्सनाही खांद्या-कमरेला पट्टे बांधून खाली ओढून धरावं लागायचं, नाहीतर पहिल्याच पावलाला स्वारी वर. (आणि हो, ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ९० टक्के असतं. ती माणसं सतत पडत असतात म्हणून तरंगतात. १९८४ साली राकेश शर्मा वर गेले तेव्हाची "वर गुरुत्वाकर्षणच नसतं" ही पैज तू हरलायस. मिसळ बाकी आहे.)

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यांना पगार मिळतो."

मग मी जर्मनीतलं कोलोन शहर काढलं. तिथे धडधाकट माणसांना ६० दिवस पलंगावर ठेवतात, डोकं ६ अंश खाली. जेवण, अंघोळ, सगळं आडव्यानेच. नुसतं पडून राहिलं तरी हाडं-स्नायूंची अंतराळासारखीच गत होते, म्हणून हा खटाटोप.

"त्याचेही पैसे देतात?"

देतात रे. काय बोलणार!

शुभांशु शुक्लांचं मात्र जरा लागू पडलं. जुलै २०२५ मध्ये परतल्यावर त्यांनी लॅपटॉप पलंगाच्या कडेला खुशाल हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. खाली गालिचा होता, वाचला. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले आणि हसता हसता पाय खाली सोडून बसले. मी वॉकर पुढे केला, तर परत आडवे.

रात्री तेच डोक्यात फिरत राहतं. वरच्या माणसाला ठाऊक असतं, खाली उतरायचंय, तिथे हाडं लागणार आहेत. अण्णांना कुठे जायचंय? आई असती तर "दळण आणा" म्हणून हाकललं असतं. मी काय आणायला सांगू?

लेकीचं लग्न ठरलं, फार बरं झालं. घराचं प्लास्टर झालं का? वहिनींना नमस्कार.

रविवारी ये. माझं ऐकत नाहीत, पण तुला कवायतीत डावा-उजवा कळायचा नाही हे त्यांना पक्कं आठवतंय. काल विचारत होते, सुधारला का म्हणून.

तुझा,
सुध्या