पाणबुडीसोबत फ्लोटचाही विचार व्हावा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी आखलेल्या ‘मत्स्य ६०००’ या भारतीय पाणबुडीच्या बातम्या अभिमानाने वाचाव्यात अशाच आहेत. मात्र खोल समुद्रावर बारा महिने पहारा देतात ते जगभरच्या ‘अर्गो’ प्रकल्पाचे सुमारे ४,००० फ्लोट. त्यांच्याविषयी क्वचितच काही छापून येते.

फ्लोट म्हणजे वीस-पंचवीस किलोचे, उभे तरंगणारे नळकांडे. त्याला पंखा नसतो. आतला पंप तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो. वजन तेवढेच राहून आकारमान वाढते आणि फ्लोट वर येऊ लागतो. तेल आत ओढले की तो बुडतो. १,००० मीटरवर नऊ दिवस प्रवाहाबरोबर वाहायचे, मग २,००० मीटरपर्यंत बुडी मारायची, वर येताना तापमान, क्षारता आणि दाब नोंदवायचे, उपग्रहाला नोंदी देऊन पुन्हा खाली जायचे. भारतीय फ्लोटच्या नोंदी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्रविषयक माहिती देणारी सरकारी संस्था तपासते आणि त्या जगात कोणालाही फुकट मिळतात.

बॅटरी चार-पाच वर्षांत संपते. म्हणजे ही संख्या नुसती टिकवायची तरी दर वर्षी आठशेच्या आसपास नवे फ्लोट सोडावे लागतात. त्याहून त्रासदायक दोष क्षारता मोजणाऱ्या काचेच्या नळीत असतो. तिच्यात बारीकसा थर बसला तरी आकडा सरकतो, आणि खोल पाण्यातला खरा बदल तर दशांशानंतरच्या तिसऱ्या स्थानावर असतो. समुद्र बदलला की नळी खराब झाली, हे ठरवायला जहाजावरून उपकरण खाली सोडून, बाटल्यांत त्या-त्या खोलीचे पाणी वर आणून ताळा घ्यावा लागतो. जहाजच गेले नाही तर चुकीचा आकडा खरा म्हणून चालत राहण्याचा धोका असतो.

बोया म्हणजे समुद्रतळाला तारेने नांगरून पृष्ठभागावर तरंगत ठेवलेला, उपकरणे लावलेला पिंप. अशा बोयांचे हाल वेगळेच. बोयाखाली मासे जमतात, म्हणून मच्छीमार बोटी त्यालाच दोर बांधतात. जाळी अडकतात, तारा तुटतात. प्रशांत महासागरातल्या ‘टाओ’ बोयांची देखभाल करणारे जहाज अमेरिकेने २०१२ मध्ये सेवेतून काढले. दोनच वर्षांत तिथून येणाऱ्या नोंदी सुमारे चाळीस टक्क्यांवर घसरल्या, तेही एल निनोची चाहूल जिथे सर्वांत आधी लागते त्या पट्ट्यात!

माळव्यातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. सोयाबीनची पेरणी ज्या अंदाजाकडे डोळे लावून होते, त्या मान्सूनच्या अंदाजाची संगणकीय मॉडेले समुद्राच्या आजच्या तापमानापासूनच सुरुवात करतात.

‘मत्स्य ६०००’ ज्याचा भाग आहे त्या खोल महासागर मोहिमेला केंद्राने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. फ्लोट बदलणे, बोयांची दुरुस्ती आणि त्यासाठी लागणारे जहाजाचे दिवस यांची तरतूद दर वर्षी वेगळी दाखवावी, अशी आमची मागणी आहे. समुद्रातले निम्मे पाणी २,००० मीटरच्या खाली आहे. तिथवर जाणारे ६,००० मीटरचे फ्लोट अजून फार थोडे आहेत, ते वाढवावेत. आपल्या दैनिकाकडेही एक विनंती. मान्सूनच्या पहिल्या अंदाजाच्या बातमीत हिंदी महासागरातले किती फ्लोट आणि किती बोये त्या दिवशी चालू होते, हा आकडा जरूर छापावा.

आपले,
समुद्रविज्ञानाचे दोन अभ्यासक,
रामबाग, इंदूर