माझ्या बोटांच्या मापाचा रॉड

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि चहा ठेवायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. दुसरंही एक कारण आहे. न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी आता उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या कॅट्स्किल डोंगरांतल्या नद्यांवर मासे धरायला यायला लागली आहेत. माझ्या हातातला रॉड बघून कोणी ना कोणी विचारतंच, "हा कुठल्या दुकानात मिळाला?" तो दुकानात का मिळत नाही हे सांगायचं, तर तुमच्या तळघरातल्या त्या लांब टेबलाबद्दल सांगावंच लागतं.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाचं वजन पुढे जातं आणि दोर त्याच्यामागून जातो. इथे उलट आहे. गळावर दोऱ्याने बांधलेल्या पिसाच्या माशीला वजनच नसतं, त्यामुळे फेकायची असते ती लाइन. लाइन जाड असते, तिला स्वतःचं वजन असतं आणि त्या वजनावरून तिला नंबर मिळतो. चार नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पाच नंबरची १४० ग्रेन. रॉडवर जो आकडा लिहिलेला असतो तो याच लाइनचा. एवढंसं वजन मागे-पुढे फेकताना रॉड वाकतो, ताण साठवतो आणि सोडतो. वाकणं हेच त्याचं काम, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत.

माझ्या बोटांना संधिवात धरला तेव्हा मी हे सगळं सोडून द्यायच्या विचारात होते. डॉक्टरांनी बारीक वस्तू घट्ट आवळून धरायची नाही असं बजावलं होतं आणि माझ्याकडचा रॉड नेमकं तेच करायला लावत होता. नऊ फुटी, पाच नंबरचा, वेगवान ॲक्शनचा. इथल्या बहुतेक दुकानांत नवख्याच्या हातात हाच ठेवतात. रॉड वाईट नव्हता. पण वेगवान ॲक्शनचा म्हणजे तो शेंड्याजवळच वाकायचा, आणि विलोविमॉकसारख्या नदीवर जिथे बहुतेक वेळा २५ ते ४० फुटांवरच माशी टाकायची असते, तिथे त्याला वाकवायला हाताने जोर लावावा लागायचा. तासाभरात आंगठ्याचं मूळ ठणकायला लागायचं. मी तुम्हाला एखादा हलका रॉड सुचवा म्हटलं. तुम्ही कॅटलॉग उघडलाच नाहीत. "रॉडचं नंतर बघू. आधी हात दाखव," म्हणालात.

काका, त्या वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे. बाकी सगळं त्यातूनच आलं.

ब्लँक निवडताना तुम्ही तीन ब्लँक टेबलावर ठेवलेत. ब्लँक म्हणजे नुसती पोकळ काठी, तिच्यावर अजून काहीच चढवलेलं नसतं. एक ग्लास फायबरचा, आठ फुटी. दोन ग्रॅफाइटचे, एक वेगवान आणि एक मध्यम ॲक्शनचा, साडेआठ फुटी, चार तुकड्यांत निघणारे. मला ग्लासचा आवडला, कारण तो मुठीपर्यंत वाकत होता आणि थोड्या लाइनवरही भरल्यासारखा वाटत होता. तुम्ही हो-नाही काहीच म्हणाला नाहीत. मास्किंग टेपने तिन्हींवर गाइड, म्हणजे लाइन ओवायच्या कड्या, चिकटवलेत, खाली तात्पुरती मूठ आणि लाइन गुंडाळायचं रील बांधलंत आणि मला मागच्या अंगणात गवतावर लाइन टाकायला पाठवलंत. पंधरा-वीस मिनिटांत माझं मलाच कळलं. ग्लास मऊ होता, पण शेंडा जड होता, आणि हवेत धरून ठेवलेलं ते वजन माझं मनगट मोजत होतं. मध्यम ॲक्शनचा ग्रॅफाइट हलका होता आणि माझ्या सावकाश हाताची वाट बघत होता. ज्यांचे हात धड आहेत आणि ज्यांची नदी लहान आहे त्यांनी ग्लास जरूर वापरून बघावा, असं मी आजही सांगते. पण माझ्यासाठी तो नव्हता, आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, कळू दिलंत.

कण्याचा वाद मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. कापड लोखंडी सळईवर गुंडाळून ब्लँक बनतो, त्यामुळे एका बाजूला तो किंचित ताठ असतो, तोच त्याचा कणा. काही कारागीर ती बाजू शोधून गाइड तिच्याच रेषेत बांधतात. तुम्ही कणा शोधून दाखवलात, खडूने खूणही केलीत आणि मग ती सोडून दिलीत. तुकडा डोळ्यासमोर धरून सरळ कुठे दिसतो ते बघितलंत आणि गाइड त्या रेषेत घेतलेत. "हातातला रॉड सरळ दिसला पाहिजे. फेकताना कणा कोणाला जाणवत नाही," हे तुमचं मत. यावर दोन कारागिरांचं एकमत होत नाही हे मला आता माहीत आहे. मी तुमच्या बाजूची.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही दिलात तो मुठीला, आणि मला त्याबद्दलच जास्त लिहायचं आहे. एका लाकडी दांडक्यावर थराथराने टेप गुंडाळत गेलात आणि दर थरानंतर मला धरायला लावलंत. बोटं न आवळता दांडका हातात नुसता राहिला तेव्हा थांबलात, व्हर्निअर लावलात आणि माप भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंत. एक इंचाच्या थोडं वर. नेहमीची सिगारच्या आकाराची मूठ याहून बारीक असते.

मग बूच. दुकानातल्या माझ्या रॉडच्या मुठीतली बुचाची भोकं लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने बुजवलेली होती. दोन पावसाळी मोसमांत ते भरण निघून गेलं आणि बोटांना खड्डे लागायला लागले. तुम्ही मला बुचाच्या कड्यांची पिशवी दिलीत आणि निवडायला बसवलंत. अर्धा इंच जाडीच्या, सव्वा इंच व्यासाच्या कड्या. सात इंचांच्या मुठीला चौदा लागतात, पण चौदा चांगल्या मिळण्यासाठी कितीतरी जास्त चाळाव्या लागतात. ते बूच कुठून येतं हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालचं. तिथल्या ओक जातीच्या झाडाची साल, आणि झाड न तोडता काढलेली. झाड पंचविशीला आलं की पहिली साल उतरवतात, नंतर निदान ९ वर्षं त्याला हात लावत नाहीत. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत निघते. बाटलीला किंवा मुठीला लागणारं एकसंध बूच तिसऱ्या खेपेला मिळतं, तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. हे ऐकल्यावर एकही कडी मी निष्काळजीपणे बाजूला टाकली नाही.

कड्या सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने जोडल्यात, आट्यांच्या सळईवर नट आवळून रात्रभर ठेवल्यात, दुसऱ्या दिवशी लेथवर चढवल्यात. जाड सँडपेपरने सुरुवात, ४०० नंबरच्या कागदाने शेवट. मधे मधे लेथ थांबवून माझा हात मुठीवर ठेवायला लावत होतात. वरच्या टोकाला आंगठ्यासाठी उतार ठेवलात. दोन्ही टोकांना बुचाचा भुसा दाबून केलेल्या टणक कड्या लावल्यात, कारण कोपरे तिथेच झिजतात. फोमची मूठ हलकी आणि स्वस्त पडली असती, मी तसं विचारलंही होतं. तुम्ही दोन्ही माझ्या हातात देऊन शेंड्यावर टिचकी मारलीत. बुचातून ती टिचकी तळव्यापर्यंत आली, फोममध्ये विरली. मासा माशीला तोंड लावतो तेव्हा तेवढाच इशारा मिळतो, तो हातापर्यंत यायला हवा.

रील जिथे बसवतात त्या रील सीटमध्ये बारीक आट्यांची अरुंद चकती असते, ती फिरवायला चिमूट लागते आणि माझी चिमूट कामाची उरलेली नाही. तुम्ही रुंद, खरबरीत चकतीची सीट शोधलीत आणि तिच्यात लाकडाचा तुकडा तुमचा घातलात. साताऱ्याच्या जुन्या घराच्या चौकटीचा सागवान. तुम्ही तो इतकी वर्षं का जपून ठेवला होता हे मी विचारलं नाही, आणि तो माझ्या रॉडला का दिलात हेही नाही. सागवानात तेल असतं, त्यावर इपॉक्सी धरत नाही, म्हणून चिकटवायच्या ऐन आधी तो ॲसिटोनने पुसून घ्यायचा, हे मात्र तुम्ही मला वहीत लिहायला लावलंत.

गाइडचा हिशेब सोपा सांगितलात. जितके फूट तितके गाइड, आणि झालाच तर वर एक, शेंड्याचा टिप-टॉप वेगळा. पण हिशेबावर विसंबला नाहीत. मूठ शिकंज्यात धरून, लाइन ओवून रॉड वाकवलात आणि लाइन काठीच्या वळणापासून कुठे फार दूर जाते ते बघत एकेक गाइड बोटभर सरकवत राहिलात. खालचा मोठा गाइड सिरॅमिक कडीचा, कारण डाव्या हाताने ओढलेली लाइन तिथेच घासते. वरचे सगळे बारीक तारेचे, हलक्यात हलके. शेंड्याकडच्या एका ग्रॅमला मुठीकडच्या कितीतरी ग्रॅमइतकं वजन असतं, म्हणून पैसे खर्चायचे तर ते वरच्या गाइडवर खर्चावेत, नक्षीदार रील सीटवर नव्हेत. हे ज्यांना रॉड बांधायचा आहे त्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

दोरा गुंडाळायचं काम तुम्ही माझ्यावर सोडलंत. मला जमणार नाही असं मला वाटत होतं. गाइडचे पाय कानशीने घासून निमुळते केलेत, म्हणजे दोरा त्यावर न अडखळता चढतो. ए नंबरचा बारीक दोरा जाड पुस्तकात दाबून ताण धरलात, जेणेकरून मला बोटांनी तो ओढावा लागू नये. मी फक्त रॉड फिरवायचा आणि नखाने वेढे जवळ सारायचे. हळूहळू जमलं. नंतरची दोन भागांची इपॉक्सी वेगवेगळ्या सिरिंजनी अगदी सारखी मोजून, त्यातले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याच्या आचेने घालवून, रॉड बार्बेक्यूची शीग फिरवणाऱ्या मोटरवर रात्रभर फिरत ठेवलात. मोटर थांबली तर ओघळ येतो, म्हणून तुम्ही रात्री उठून बघून आलात हे मला काकूंकडून कळलं.

लिव्हिंगस्टन मॅनरच्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात तुम्ही मला नेलंत त्या दिवसाबद्दलही लिहायलाच हवं. बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेले जुने रॉड तिथे होते. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे सॅम्युअल फिलिपी बंदुका आणि व्हायोलिनं बनवायचे, त्यांनी १८४०च्या दशकात असे रॉड करायला घेतले. तेव्हाचा बांबू इथे 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जायचा, कारण तो भारतातून त्या बंदरातून यायचा. तो बहुधा आपला मानवेलच, म्हणजे गडचिरोली-मेळघाटच्या जंगलात वाढतो तो भरीव बांबू. पुढे दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनच्या मालावर बंदी घातली, टोंकिन येईना, आणि ग्लास फायबरचं फावलं. तुम्ही काचेसमोर उभे राहून म्हणालात, "हे लोक ट्राउट पकडायचे ते आपल्या रानातल्या काठीने." या देशात इतकी वर्षं राहून कुठल्याही संग्रहालयात मला माझं काही आहे असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

आता रॉडबद्दल. रील लावून मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट धरलं की तो आडवा स्थिर राहतो. यंदा एप्रिलच्या शेवटी ट्राउट ज्या खातात त्या हेन्ड्रिक्सन माश्या पाण्यातून निघाल्या तेव्हा रॉस्कोला, बीव्हरकिल आणि विलोविमॉक मिळतात त्या डोहापासून वरच्या अंगाला, मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात उभी होते. बोटं दुखली, पण थंडीने. एक तपकिरी ट्राउट बराच वेळ झुंजला, जाळ्यात आला आणि सोडला. मूठ कुठेही आवळावी लागली नाही. घरी आल्यावर चहाचा कप एका हाताने उचलता आला, आणि हे मला तुम्हाला सगळ्यांदेखत सांगायचं होतं.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा उजवा खांदा शस्त्रक्रियेनंतर वर उचलत नाही. तिला डाव्या हाताने शिकायचं आहे. तिच्या हाताचं टेपचं माप मी घेऊन ठेवलं आहे आणि बुचाच्या कड्या मागवल्या आहेत. ब्लँक मात्र तुमच्यासमोर, तुमच्या अंगणातच निवडायचा आहे. पुढच्या शनिवारी लेथ मोकळं ठेवाल का? काकूंना सांगा, दुपारचं जेवण मी घेऊन येते.

तुमची पुतणी