दादा, फायरवॉल चालू झाला! मनापासून थँक्यू

दादा, फोनवर घाईघाईत थँक्यू म्हटलं पण समाधान झालं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

जुना डेस्कटॉप पडून होता, ४ जीबी रॅमचा, त्यात दुसरं लॅन कार्ड (नेटवर्क केबल जोडायचं कार्ड) बसवून ब्रॉडबँडचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून नको ते आत येऊ न देणारं मशीन, करायचा एवढंच डोक्यात होतं. फायरवॉलचं सॉफ्टवेअर म्हणून पीएफसेन्स घ्यावं की ओपीएनसेन्स यातच माझे दोन दिवस गेले. तुम्ही म्हणालात, अरे ओपीएनसेन्स २०१५ ला पीएफसेन्समधूनच बाहेर पडलंय, दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, कुठलंही घे पण सुरू कर. मग ओपीएनसेन्स टाकलं.

कुठलं कार्ड वॅन (इंटरनेटकडचं) आणि कुठलं लॅन (घरातल्या नेटवर्ककडचं) हेच कळेना, तर तुम्ही म्हणालात एक केबल काढ आणि स्क्रीनवर बघ. काढली, लगेच ओळ आली, आरई झिरो लिंक डाउन, म्हणजे आरई झिरो नावाच्या कार्डाची जोडणी तुटली. म्हणजे हे ते कार्ड! इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं.

पण खरी गाडी पुढे अडली. सगळं बरोबर दिसतंय आणि एकही साईट उघडत नाही, मी तीनदा नव्याने इन्स्टॉल केलं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते तरी तुम्ही फोन उचललात आणि एकच प्रश्न विचारलात, मोडेमचा आयपी काय? १९२.१६८.१.१. आणि फायरवॉलच्या लॅनचा? तोच! दोन्हीकडे एकच पत्ता, मग डेटाचं पॅकेट बाहेर जाणार कसं. उत्तर तुम्हाला आधीच कळलं होतं पण तुम्ही सांगितलं नाहीत, मला दिसेपर्यंत थांबलात, त्याचं मोल मला फार आहे. फायरवॉलच्या कन्सोलवर (स्क्रीनवरच्या मेन्यूत) आयपी बदलायचा २ नंबरचा पर्याय घेऊन लॅन १९२.१६८.१०.१ केलं आणि नेट सुरू.

नंतर मोडेम ब्रिज मोडला टाकला (म्हणजे तो नुसता डेटा पुढे देतो), पीपीपीओई म्हणजे कंपनीचं इंटरनेट लॉगिन फायरवॉलवर घेतलं, डबल नॅट (पत्ते दोनदा बदलले जाणं) गेलं. वायफाय राउटरचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटायची सोय) बंद करून त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा, केला, केबल त्याच्या वॅनमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये लावायची हेही तुम्हीच सांगितलंत. आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हायची सेटिंग, ती तर मला सुचलीच नसती.

परवा फायरवॉलचा लाइव्ह लॉग (येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांची चालू नोंद) उघडला तर लाल ओळींवर ओळी, कोण कुठून २३ नंबरच्या टेलनेट पोर्टवर (दूरून मशीनमध्ये शिरायच्या जुन्या वाटेवर) धडका मारतंय. घाबरून तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही लिहिलंत, लाल म्हणजे अडवलं, आतून कोणी मागितलं नसेल तर बाहेरून काही आत येत नाही, निवांत झोप. झोपलो खरंच.

आता घरातला कॅमेरा वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात, टाकायचाय. रविवारी फोन करू का दादा?